टॉर्कची टिमकी

स्नोब्लोअरच्या इंजिनावर ९५० असा आकडा ठसठशीत छापलेला असतो. शेजारच्या यंत्रावर ११५०, त्याच्या पुढच्यावर १४५०. हे आकडे कसले? सीसी म्हणाल, तर ९५०वालं इंजिन २०८ सीसीचं आहे आणि ११५०वालं २५० सीसीचं. हॉर्सपॉवर तर नक्कीच नव्हे, नाहीतर दारातला बर्फ काढता काढता दारच उखडून येईल. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या ‘स्नो सिरीज’मध्ये ९५० म्हणजे साडेनऊ पाउंड-फूट टॉर्क. ९.५० लिहायचं आणि मधला दशांशाचा ठिपका खाऊन टाकायचा! चौथीतल्या पोराने हे केलं तर बाई वहीवर लाल फुली मारतात. कारखानदाराने केलं की त्याला ब्रँडिंग म्हणतात.

आपल्याकडे बुलेट ३५० म्हणजे ३५० सीसी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच संस्कारात वाढलेला आपला माणूस अमेरिकेत येतो, घर घेतो, पहिल्या हिवाळ्यात कंबर धरून बसतो आणि मग दुकानात जाऊन ११५० हा आकडा भक्तिभावाने न्याहाळतो. मी बफेलोच्या दक्षिणेला राहतो. इथे ईरी सरोवरावरून वारा सुटला की बर्फ पडत नाही, ओतला जातो. नोव्हेंबर २०१४मध्ये आमच्या भागातल्या काही गावांवर दोन-तीन दिवसांत पाच फुटांहून जास्त बर्फ आला. अशा ठिकाणी स्नोब्लोअर हा हौसेचा मामला नाही. रात्री कुणाला इस्पितळात न्यायचं झालं तर गाडी रस्त्याला लागेल की नाही, हे त्या यंत्रावर ठरतं. आणि त्या यंत्राची ताकद सांगणारा आकडा असा असतो की त्यावरून काहीच कळू नये. माझा राग तिथला आहे.

त्याहून जास्त राग आपल्याच लोकांचा. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात फराळाच्या टेबलाशी जे इंजिनिअर जमतात, त्यातले निम्मे सीओईपी नाहीतर व्हीजेटीआयचे. डायनॅमोमीटरवर हात काळे करून बाहेर पडलेले. त्यातले एक ज्येष्ठ सद्गृहस्थ दरवर्षी हातातली चकली उंचावून तोच सिद्धान्त मांडतात: “एचपीवर माल खपतो रे, काम होतं ते टॉर्कवर!” आणि भोवतालचे सगळे माना डोलावतात. अहो, परीक्षेत हे लिहिलं असतं तर नापास झाला असता की!

कारण हिशोब एका ओळीचा आहे. टॉर्क पाउंड-फुटात घ्या, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ५२५२ने भागा, हॉर्सपॉवर आली. हा ५२५२ आकाशातून पडलेला नाही. जेम्स वॉटने घोड्याचं काम मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड धरलं. त्याला एका फेऱ्याच्या ६.२८३२ रेडियननी भागलं की ५२५२ उरतात. म्हणजे टॉर्क आणि हॉर्सपॉवर ही दोन भांडणारी दैवतं नाहीत. फेरे किती, हे सांगितलं की एकातून दुसरं निघतं. न सांगता टॉर्कचा आकडा फेकला, तर तो अर्धं वाक्य आहे. क्रियापदच नाही त्यात.

वॉटच्या घोड्याचीच गोष्ट घ्या. गिरणीचा घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरत होता, तासाला १४४ फेरे, ओढ सुमारे १८० पाउंड. गुणाकार करा आणि ३३,०००च्या जवळ पोचा. वॉटने तेच केलं आणि आकडा गोळाबेरीज करून टाकला. आता त्या घोड्याचा टॉर्क काढा. १८० गुणिले १२, म्हणजे २१६० पाउंड-फूट. दोन हजार एकशे साठ! तुमच्या ९५०च्या सव्वादोनशे पट. काम टॉर्कवरच होत असेल, तर ड्राइव्हवेवर घाण्याचा बैल जुंपा आणि बघा बर्फ किती लांब उडतो ते. बैल बर्फ तुडवेल, बाजूला ढकलेल, उडवणार मात्र नाही. त्याचे फेरे मिनिटाला अडीच आहेत. एवढा प्रचंड टॉर्क असूनही त्या बिचाऱ्या घोड्याची शक्ती भरते बरोबर एक हॉर्सपॉवर, किंचित कमीच.

मग कंपन्यांना टॉर्कचा हा उमाळा का आला? साधं अंकगणित. मिनिटाला ५२५२ फेऱ्यांच्या खाली कुठलंही इंजिन चालवा, पाउंड-फुटांचा आकडा हॉर्सपॉवरच्या आकड्यापेक्षा मोठाच येतो. स्नोब्लोअरचं इंजिन ३६०० फेऱ्यांवर बांधलेलं असतं. गव्हर्नर त्याला फारसं पुढे जाऊ देत नाही. ३६००ला हा फरक जवळजवळ दीडपट. तेच इंजिन, तोच पिस्टन, तीच ठिणगी. हॉर्सपॉवर लिहिली तर साडेपाच-सहा म्हणावं लागतं, टॉर्क लिहिला की साडेनऊ म्हणता येतं, आणि ठिपका खाल्ला की नऊशे पन्नास. एका नव्या भोकाशिवाय, एका जास्तीच्या थेंब पेट्रोलशिवाय आकडा दीडशे पटीने फुगतो. असला चमत्कार पंढरीच्या वाटेवरचे बुवाबाबासुद्धा करायला धजत नाहीत.

आता हे साडेनऊ मोजले कुठे? कंपनीच्याच बारीक टिपेत लिहिलेलं असतं, डोळे फोडून वाचा. हॉर्सपॉवर काढतात ३६०० फेऱ्यांवर. टॉर्क काढतात ३०६०वर, आणि काही इंजिनांचा २६००वर. हा ‘ग्रॉस’ आकडा, म्हणजे एअर क्लीनर आणि एक्झॉस्ट न लावता मोजलेला. सायलेन्सर काढून स्नोब्लोअर चालवणारा माणूस तुम्ही पाहिला आहे? शेजारी पोलिसांना बोलावतील. जे यंत्र कुणी कधी वापरणार नाही, त्याची ताकद ठळक छापायची आणि जे आपण घरी नेणार त्याची ताकद शोधायला भिंग लावायचं, याला वदतोव्याघात म्हणावं की लबाडी? मी लबाडीच म्हणतो.

मोटारींच्या बाबतीत अमेरिकेने हा प्रकार पन्नास वर्षांपूर्वीच बंद केला. कॅडिलॅक एल्डोराडोचं ५०० घनइंची इंजिन १९७१मध्ये ग्रॉस मापाने ३६५ हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं जात होतं. १९७२मध्ये नेट मापाने तेच २३५वर आलं. एका वर्षात १३० घोडे तबेल्यातून पळाले नव्हते; ते तबेल्यात कधी नव्हतेच. हे उघड झाल्यावरही छोट्या इंजिनांच्या धंद्याने ग्रॉस मापाला मिठी मारून ठेवली.

बर्फाच्या इंजिनांत तर आणखी एक मेख आहे, जी या स्टिकरवाल्यांना सांगावीशी वाटत नाही. बहुतेक स्नोब्लोअरना एअर क्लीनर मुळात नसतोच. बर्फात धूळ कुठली? उलट फिल्टर ओला होऊन गोठेल आणि इंजिन घुसमटेल. म्हणून कार्ब्युरेटरवर नुसतं गरम हवेचं टोपण असतं. म्हणजे ‘ग्रॉस’ आणि ‘नेट’ यांतला फरक गवत कापायच्या इंजिनात जेवढा, तेवढा इथे नसणार. किती कमी? ते सांगा ना! शिवाय हे सगळे आकडे २५ अंश सेल्सिअसच्या हवेला जुळवून दिलेले. पंचवीस अंशांना स्नोब्लोअर कोण काढतो? उणे दहाला हवा सुमारे १३ टक्के दाट असते. इंजिन जास्त हवा घेतं आणि पेट्रोल त्या मानाने दिलं तर जास्त जोरही देतं. म्हणूनच बर्फाच्या इंजिनाचे जेट जरा सढळ ठेवलेले असतात. दुसरीकडे उंचीवर गेलात की दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के जोर गळतो. डेन्व्हर १६०० मीटरवर आहे, तिथे सुमारे १८ टक्के गेले. बफेलोतला ९५० आणि डेन्व्हरमधला ९५० हे एकच यंत्र नाही. खरेदी करणाऱ्याला हे कळायला नको?

आता शेजारी होंडाचं इंजिन ठेवा. जीएक्स २०० हे १९६ सीसीचं. पूर्वी त्यावर ६.५ हॉर्सपॉवर लिहीत. आता नेट मापाने ५.५ लिहितात, ३६०० फेऱ्यांवर. टॉर्क ९.१ पाउंड-फूट, २५०० फेऱ्यांवर, हाही नेट. जीएक्स २७० नऊवरून साडेआठवर आलं, जीएक्स ३९० तेरावरून ११.७वर. माप सरळ झालं. त्यांच्या स्नोब्लोअरच्या नावात मात्र जुने नऊ आणि तेरा तसेच चिकटून राहिले: ९२८मधले २८ म्हणजे रुंदीचे इंच, १३३२मधले ३२ म्हणजेही इंच, आणि पुढचे आकडे हे माजी घोडे. तेवढी बोच त्यांनाही लागू. पण माहितीपत्रकात फेऱ्यांसकट नेट आकडे दिले, ही सचोटी मी मान्य करतो.

आणि या सचोटीचं बक्षीस काय? दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक दोन आकडे वाचतं: ९.५ आणि ९.१. पहिला मोठा, पहिला घ्या! एक ग्रॉस, दुसरा नेट. एक ३०६०वरचा, दुसरा २५००वरचा. एक सायलेन्सर काढून, दुसरा लावून. या दोन आकड्यांची तुलना करणं म्हणजे निव्वळ अज्ञान, पण सगळी बाजारपेठ त्या अज्ञानावर उभी आहे आणि खरं बोलणारा तिथे दशांश चारने हरतो.

हे अज्ञान आपोआप पिकलेलं नाही. २००४पासून अमेरिकेत गवत कापायच्या यंत्रांच्या हॉर्सपॉवरवरून ग्राहकांनी कंपन्यांना कोर्टात खेचायला सुरुवात केली. आरोप असा की इंजिनांची हॉर्सपॉवर फुगवून सांगितली जाते आणि एकच इंजिन वेगवेगळे आकडे चिकटवून वेगवेगळ्या किमतीला विकलं जातं. देशभरचे खटले मिलवॉकीच्या संघीय न्यायालयात एकत्र आले. प्रतिवादींच्या यादीत या धंद्यातली जवळजवळ सगळी मोठी नावं होती. २०१०मध्ये तडजोड मंजूर झाली, सगळ्यांचे मिळून सुमारे साडेसहा कोटी डॉलर, अर्थात कुणीही दोष कबूल न करता. ढकलायच्या यंत्राच्या मालकाला जास्तीत जास्त ३५ डॉलर, बसून चालवायच्या यंत्राच्या मालकाला ७५. खटले गवताच्या यंत्रांचे होते, पण इंजिनं बनवणारे तेच, आणि स्टिकर छापणारेही तेच. खटल्यांच्या त्याच वर्षांत छोट्या इंजिनांवरची हॉर्सपॉवर हळूच अदृश्य झाली आणि टॉर्क व सीसी प्रकटले. सीसीबद्दल माझी तक्रार नाही. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव मोजून येणारं ते शुद्ध भूमितीचं माप आहे, त्यात खोटं बोलायला वाव नाही. पण हॉर्सपॉवरवरून धडा घेतला म्हणायचं आणि त्याच ग्रॉस मापाचा टॉर्क पुढे करायचा, हा कुठला पश्चात्ताप?

चकलीवाल्या सद्गृहस्थांकडे परत येतो, कारण त्यांना मी सोडणार नाही. साहेब, टॉर्क वाढवणं हे जगातलं सगळ्यात स्वस्त काम आहे. इंजिनावर लहान पुली, बर्फ फेकणाऱ्या पंख्यावर मोठी, मध्ये पट्टा. फेरे एकतृतीयांश, टॉर्क तिप्पट. तिथून पुढे ऑगरच्या, म्हणजे बर्फ आत ओढणाऱ्या मळसूत्राच्या, गिअरबॉक्समध्ये फेरे आणखी दहापट खाली आणा, टॉर्क आणखी दहापट. साडेनऊचे पावणेतीनशेच्या वर गेले, घर्षणात जाईल ते वजा. पैसे किती लागले? एक वर्म गिअर. आणि एवढा टॉर्क वाढवूनही तो ऑगरपर्यंत पोचणार किती, हे ठरवते काही डॉलरची शिअर पिन. दगड अडकला की गिअरबॉक्स वाचवायला ती तुटते. तिला तुटण्यासाठीच बनवलेलं असतं. हॉर्सपॉवर मात्र पुलीने वाढत नाही, गिअरने वाढत नाही, स्टिकरनेही वाढत नाही.

बर्फ उडवायला लागते ती शक्ती. बारा इंची पंखा मिनिटाला हजार फेरे घेतोय असं धरा. टोकाचा वेग सेकंदाला १६ मीटर. या वेगाने एक किलो बर्फ फेकायला १२८ ज्यूल लागतात. सेकंदाला दहा किलो, म्हणजे तासाला ३६ टन फेकायचा असेल तर १२८० वॉट, पावणेदोन हॉर्सपॉवर. थांबलेल्या बर्फाला पंख्याच्या वेगावर आणताना जवळपास तेवढीच घासाघाशीत जाते. झाली साडेतीन. कातरणं, पट्टा, चाकं धरून साडेपाचच्या इंजिनाची इथे पुरती कसोटी लागते. या सगळ्या हिशोबात टॉर्क कुठे आला? कुठेच नाही, कारण लागणारा टॉर्क तुम्ही पुलीने हवा तसा करून घेता.

“पण रस्त्याच्या तोंडाशी प्लो जो ढिगारा टाकून जातो, तिथे टॉर्कच तारतो ना?” हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर ऐकून घ्यायला हवं. मीठ पडून भिजलेला, दाबलेला, दगडासारखा बर्फ. यंत्र त्यात घुसलं की भार येतो, गव्हर्नर थ्रॉटल उघडतो. पूर्ण उघडून झाला आणि भार तरीही वाढला की फेरे पडू लागतात. अशा इंजिनाचा टॉर्क फेरे पडताना थोडा वाढतो आणि त्यामुळे ते लगेच बंद पडत नाही. जीएक्स २००चेच आकडे घ्या: ३६००ला साडेपाच हॉर्सपॉवर म्हणजे आठ पाउंड-फूट. २५००ला ९.१. वाढ १३-१४ टक्क्यांची. ही वाढ मोलाची आहे, कबूल. पण त्या क्षणी यंत्राची दशा काय असते? हॉर्सपॉवर साडेपाचवरून ४.३वर आलेली. पंख्याचा वेग ३० टक्क्यांनी घसरलेला. फेक वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे बर्फ निम्म्याहून कमी अंतरावर पडतोय आणि ओला असेल तर धुराड्यातच अडकतोय. टॉर्कच्या शिखरावर स्नोब्लोअर पराक्रम गाजवत नसतो, तो धापा टाकत असतो! इंजिनाच्या घुसमटीच्या क्षणाचा आकडा काढून तो शौर्यपदक म्हणून बॉनेटवर लावायचा, आणि सीओईपीच्या माणसाने त्याला सलाम ठोकायचा?

म्हणूनच एका आकड्याने भागत नाही. दोन लागतात, दोन्ही नेट: ३६००ला शक्ती किती आणि २५००-२६००ला टॉर्क किती. पहिला सांगतो यंत्र किती उडवेल, दुसरा सांगतो ते किती चिवट आहे. हे दोन आकडे हातात असले की कुठल्याही दोन इंजिनांची तुलना रद्दीच्या कागदावर होते.

हे अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये, कारण याच देशात हे शंभर वर्षांपूर्वी झालं आहे. विल्मट क्रोझर नावाचा नेब्रास्काचा एक शेतकरी. त्याने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्डचा नव्हे. मिनियापोलिसच्या एका कंपनीने पॉल फोर्ड नावाचा माणूस हाताशी धरून, केवळ आडनावासाठी, ते नाव लावलं होतं. ट्रॅक्टर कुचकामी निघाला. क्रोझर पुढे विधिमंडळात गेला आणि १९१९मध्ये नेब्रास्कात कायदा झाला: राज्य विद्यापीठाने चाचणी केल्याशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही. १९२०मध्ये वॉटर्लू बॉय या ट्रॅक्टरपासून लिंकन शहरात चाचण्या सुरू झाल्या. त्या काळी ट्रॅक्टरच्या नावातच दोन आकडे असत, जसं १२-२५. पहिला ओढण्याच्या ताकदीचा, दुसरा पट्ट्यावर मिळणाऱ्या ताकदीचा. एका राज्याने कायदा केला आणि अख्ख्या देशातला ट्रॅक्टरचा धंदा सरळ बोलायला शिकला. आपल्याकडेही मध्य प्रदेशात बुदनीच्या केंद्रात ट्रॅक्टर तपासले जातात, आणि सांगली-नगरचा शेतकरी विक्रेत्याला “इंजिनाचे एचपी राहू दे, पीटीओला किती मिळतात ते सांग” असं ठणकावतो. त्याला जे कळतं, ते मंडळातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना कळू नये?

आता बॅटरीचे स्नोब्लोअर आले आहेत आणि लबाडीने कात टाकली आहे. तिथे टॉर्क नाही, हॉर्सपॉवर नाही, तिथे व्होल्ट. खोक्यावर मोठ्याने ‘६० व्होल्ट मॅक्स’, तळाशी मुंगीच्या अक्षरात ‘वापरताना ५४’. मॅक्स हा पूर्ण भरलेल्या, कामाला न लावलेल्या बॅटरीचा आकडा. व्होल्टने बर्फ उडत नाही. ५४ व्होल्ट गुणिले साडेसात अँपिअर-तास म्हणजे ४०५ वॉट-तास, आणि जड बर्फात दोन किलोवॉट खेचले तर बारा मिनिटांत खेळ खलास. तो ४०५ खोक्यावर शोधा, माझ्यातर्फे शुभेच्छा. निदान भिंतीत खुपसायच्या यंत्राला सॉकेटची लाज आहे: १२० व्होल्ट, १५ अँपिअर, १८०० वॉट, २.४ हॉर्सपॉवर. त्यापेक्षा जास्त कुणी छापलं तर तो खोटं बोलतोय, हे तिथल्या तिथे कळतं.

तेव्हा यंदा ऑक्टोबरात दुकानात जाल तेव्हा स्टिकरकडे पाठ करा. विक्रेत्याला विचारा: हा टॉर्क किती फेऱ्यांवरचा? ग्रॉस की नेट? ३६००ला नेट हॉर्सपॉवर किती? तो पुन्हा ११५०वर बोट ठेवू लागला, तर त्याला चारचौघांत मोठ्या आवाजात सांगा की हा आकडा साडेअकरा आहे, आणि पुढच्या दुकानात जा. समाधानकारक उत्तर मिळालं तर यंत्र घ्या, सोबत शिअर पिनांची दोन पाकिटंही घ्या. पहिलं वादळ येऊन गेलं की त्या आख्ख्या गावात मिळत नाहीत.